धाराशिव : एका जिल्ह्याचा पूर्वेतिहास आणि परगावचे संशोधनग्रंथ

एखाद्या प्रदेशाचा इतिहास त्या प्रदेशात जे घडले त्याच्या प्रमाणात लिहिला जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो बव्हंशी ग्रंथ काढणाऱ्या संस्थांच्या योजनेप्रमाणे लिहिला जातो. संस्था एखादी माला ठरविते, मालेची मर्यादा आखते, आणि त्या मर्यादेत जे बसेल ते छापले जाते. जे बसत नाही ते नष्ट होत नाही, परंतु अभ्यासकाच्या दृष्टीआड होते. पदव्युत्तर विद्यार्थी ग्रंथालयात जातो, मांडणीवरील ग्रंथ उघडतो आणि ग्रंथांचे मौन हेच भूतकाळाचे मौन असे समजून प्रबंध लिहितो. धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रमाद वारंवार घडतो. तो का घडतो ह्याचा विचार त्या जिल्ह्यावरील प्रमुख ग्रंथ एकत्र ठेवून केला असता काही उपयुक्त गोष्टी हाती लागतात.

हे ग्रंथ कोठे छापले गेले ते प्रथम पाहावे. लंडन, वऱ्हाडातील कारंजा, हैदराबाद, मुंबई, पुणे, नागपूर अशी ही गावे आहेत. परगावी छापले जाणे हा ग्रंथाचा दोष नव्हे. उलट धाराशिवविषयी जे काही पक्के ज्ञान आज उपलब्ध आहे त्याचा मोठा भाग परगावच्या विद्वानांनीच दिला आहे. प्रश्न ज्ञानाच्या ऋणाचा नसून त्याच्या आकाराचा आहे. प्रत्येक ग्रंथ ह्या जिल्ह्याकडे दुसऱ्याच एखाद्या विषयाच्या खिडकीतून पाहतो. एकाला रोमन व्यापार हवा असतो, दुसऱ्याला जैन वाङ्मय, तिसऱ्याला राजवंश, चौथ्याला प्राचीन मराठी.

तेर ह्या गावाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. पेरिप्लस ह्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. तगरहून निरनिराळ्या प्रतीचे कापड भडोचला येत असे. टॉलेमीलाही हे नाव ठाऊक होते. हे तगर कोणते ह्याविषयी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ तर्क झाले. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ मध्ये फ्लीट ह्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तेर हेच तगर असे प्रतिपादन केले, आणि पुढे कझिन्स ह्यांनी तेथील विटांच्या मंदिरांचे वर्णन केल्यावर व उत्खननांतून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आल्यावर हा वाद बहुतांशी मिटला.

परंतु ह्या निर्णयातील भाषिक पुरावा इतिहासग्रंथांतून एखाद्या वाक्यात उरकला जातो, हे खटकते. तगर ह्या शब्दातील दोन स्वरांमधील ‘ग’ प्राकृतात लोपतो, त्या जागी यश्रुती येते आणि ‘तयर’ असे रूप होते; ‘अय’चा पुढे ‘ए’ होऊन ‘तेर’ सिद्ध होते. ही काही एकाकी घटना नव्हे. नगर, नयर, नेर हीच वाट अमळनेर, पिंपळनेर, संगमनेर ह्या ग्रामनामांत दिसते. ‘कदली’पासून ‘केळ’ आणि ‘मदन’पासून ‘मेण’ ह्याच नियमाने आले आहेत. देवगिरीचे किंवा धारूरचे समीकरण अंतराच्या हिशेबावर कसेबसे टिकले असते. ध्वनिनियमांपुढे ते टिकू शकत नव्हते. जुन्नरच्या नावातही ‘नगर’ दडलेले आहे, पण ‘तगर’ नाही.

येथे एका ग्रंथाकडे मुद्दाम लक्ष वेधले पाहिजे, कारण तो धाराशिवच्या अभ्यासात जितका वापरला जावा तितका वापरला जात नाही. मुनी कनकामर ह्यांचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य डॉ. हिरालाल जैन ह्यांनी संपादून १९३४ मध्ये कारंजा जैन मालेत प्रसिद्ध केले. पुढे १९६४ मध्ये त्याची नवी आवृत्ती भारतीय ज्ञानपीठाने काढली. ह्या काव्याचा नायक करकंड राजा दक्षिणेकडे निघाला असता तेरापुर नामक नगराजवळ येतो. जवळच्या डोंगरात गुहा आहे. तेथे पार्श्वनाथाची मूर्ती आहे. तेथील वारुळाची पूजा एक हत्ती नित्य करतो. राजा शोध करतो, मूर्ती उजेडात येते, आणि तिच्या आसनाची गाठ फोडताच पाण्याचा लोंढा गुहेत शिरतो. त्यानंतर राजा आणखी लेणी खोदवितो. हे वर्णन धाराशिव शहरानजीकच्या लेण्यांचे आहे, असे संपादकांनी दाखवून दिले.

ह्या ओळखीचा उपयोग कलेच्या इतिहासकारांनी केला, परंतु भाषाभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट सापडते. हे काव्य साधारणतः अकराव्या शतकातील मानले जाते. त्याच सुमारास आणि त्यानंतरही शिलाहार राजे आपल्या लेखांतून स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. कोकणात आणि करवीर प्रांतात राज्य करणाऱ्या घराण्यांनी आपल्या मूळ नगराचे नाव बिरुदात जपले, ही गोष्ट म. म. मिराशी ह्यांच्या ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ ह्या विदर्भ संशोधन मंडळाने १९७४ मध्ये काढलेल्या ग्रंथात नीट मांडलेली आहे. पण बिरुदातील ‘तगर’ आणि काव्यातील ‘तेरापुर’ ही दोन रूपे शेजारी ठेवावयास कोणी फारसे गेलेले नाही. ती ठेवली की स्पष्ट होते की अकराव्या शतकात लोकांच्या तोंडी तगर हे नाव उरलेच नव्हते. ते संस्कृत प्रशस्तीत गोठलेले रूप होते. बोलण्यात तेर हे नाव स्थिरावलेले होते. म्हणजेच ‘अय’चा ‘ए’ होण्याची क्रिया ह्या नावापुरती तोवर पूर्ण झाली होती. मराठीच्या ध्वनिविकासाला कालनिश्चितीचा असा आधार क्वचितच मिळतो. तो मिळाला नाही ह्याचे कारण एवढेच की एक ग्रंथ कारंज्याच्या जैन मालेत होता व दुसरा नागपूरच्या राजवंशमालेत, आणि दोन्हींचे वाचक निराळे होते.

‘धाराशिव’ ह्या नावाच्या उपपत्तीबाबत मात्र ह्या काव्याचा फार आधार घेऊ नये. गुहेतील पाण्याची धारा आणि तेरापुरच्या राजाचे शिव हे नाव ह्यांची सांगड घालण्याचा मोह होतो. शहरातील धारासुरमर्दिनीच्या स्थानाशीही नाव जोडले जाते. दोन्ही स्पष्टीकरणे नाव रूढ झाल्यानंतर त्याला अर्थ देण्यासाठी निघालेली दिसतात. नावाचे जुने लिखित रूप हाती येईपर्यंत निर्णय राखून ठेवणे हेच शास्त्रीय होय.

लेण्यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. बर्जेस ह्यांनी १८७५-७६ च्या हंगामात बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील अवशेषांची पाहणी केली आणि त्यांचा अहवाल १८७८ मध्ये निघाला. त्यात धाराशिवची लेणी जैन म्हणून वर्णिली गेली. पुढे ढवळीकर ह्यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी मुख्य लेण्याच्या विधानाचे अजिंठ्याशी असलेले साम्य ध्यानात घेऊन ती मुळात बौद्ध असून नंतर जैनांनी स्वीकारली असे मत मांडले. ह्या वादात ‘करकंडचरिउ’ची साक्ष कोणत्या बाजूस जाते? काव्यात राजा नवे लेणे काढतो, पण प्रथम जुने लेणे शोधून काढतो. लेणे आधीपासून होते आणि त्याचा कर्ता कोण ह्याची स्मृती पुसट झाली होती, एवढे तर कवीच सांगतो आहे. जैन माला आणि पुरातत्त्वाचे नियतकालिक ह्यांच्यामध्ये भिंत नसती तर हा मुद्दा केव्हाच चर्चेत आला असता.

तेरच्या पुरातत्त्वीय ग्रंथांकडे पाहता निराळ्याच प्रकारची उणीव दिसते. तेरचे नाव जगभर नेले ते रामलिंगप्पा लामतुरे ह्या तेथील गृहस्थांच्या संग्रहाने. शेतात नांगराने वर आलेली, पावसाने उघडी पडलेली मातीची चित्रे, मणी, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तू त्यांनी गोळा केल्या, आणि त्यांच्याच नावाने आज तेरला शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीवर डॉ. मोतीचंद्र ह्यांनी १९६० मध्ये ‘ललितकला’मध्ये लिहिले, त्याच वर्षी डग्लस बॅरेट ह्यांची ‘तेर’ ही पुस्तिका मुंबईच्या भुलाभाई स्मारक संस्थेने काढली. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तेरच्या मूर्तीचे नाते अभ्यासकांनी जोडले, आणि ते योग्यच आहे. तथापि ह्या लेखनाचा सारा रोख पाँपेईकडे आहे. वस्तू गावात कोणत्या शिवारात मिळाली, तिच्याबरोबर काय मिळाले, तेथल्या लोकांनी तिला काय म्हटले, ह्या गोष्टींना त्यात स्थान नाही. संग्राहकाची माहिती ही विद्वानाच्या लेखी माहितीच नव्हती, असे म्हणावे लागते. थराचा संदर्भ नसलेल्या वस्तूच्या बाबतीत गावकऱ्याची आठवण हाच काय तो संदर्भ असतो, आणि तो एकदा गेला की कोणत्याही उत्खननाने परत येत नाही.

उत्खननांचीही हकीकत ह्या संदर्भात बोधप्रद आहे. चापेकर ह्यांनी १९५८ मध्ये तेरला केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये पुण्यास निघाला. मध्ये अकरा वर्षे गेली. ह्याउलट भोकरदनला १९७३ मध्ये देव आणि गुप्ते ह्यांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनी मिळून १९७४ मध्येच प्रसिद्ध केला. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे खरे, आणि अहवाल लांबण्याची कारणे अनेक असतात. परंतु १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला आपल्या प्रदेशातील कामासाठी ग्रंथप्रकाशक होता येते, एवढे भोकरदनने निश्चित सिद्ध केले होते. भोकरदनलाही हस्तिदंती मूर्ती सापडली होती, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे तुलना अधिकच मार्मिक वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. धाराशिव जिल्हा हा निरनिराळ्या मालांच्या सांध्यात पडलेला जिल्हा आहे. हे सांधे कसे पडले ते पाहण्यासारखे आहे. कॅम्बेल ह्यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर निघाले. त्यात शेजारच्या सोलापूरचा स्वतंत्र खंड १८८४ मध्ये निघाला. बार्शीच्या बाजारपेठेपासून पंढरीच्या यात्रेपर्यंत सर्व काही त्यात तपशिलाने आले. पण त्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की निजामाचे राज्य सुरू होई, आणि तेथे कॅम्बेलची लेखणी थांबली. परिणामी तुळजापूरची यात्रा सोलापूरकडून कशी दिसे हे आपल्याला अधिक ठाऊक आहे, तुळजापूरकडून कशी दिसे ते कमी. ग्रियर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. पण हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले होते. मराठीच्या बोलींविषयी आजही त्या खंडाचा हवाला दिला जातो, आणि मराठवाड्याची बोली म्हणजे देशी बोलीचाच एक विस्तार असे गृहीत धरून पुढे जाण्याची सवय अभ्यासकांना लागली. ह्या गृहीतामागे नमुने नव्हते; नमुन्यांचा अभाव होता. पुढे डॉ. घाटगे ह्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासाठी १९६३ पासून मराठी बोलींच्या वर्णनाची जी उत्कृष्ट माला सिद्ध केली, तिचे लक्ष दक्षिण कानडा, कुडाळ, काणकोण, कोची, कासरगोड, ठाण्यातील वारली असे मुख्यतः पश्चिमेच्या पट्ट्यावर राहिले. पूर्वेचा कन्नड सीमेवरील पट्टा तिच्यात आला नाही. २०१३ मध्ये पुण्याच्या पद्मगंधा प्रकाशनाने काढलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आणि त्यानंतर डेक्कन कॉलेजने हाती घेतलेले बोलींचे सर्वेक्षण ह्यांनी ही उणीव भरून काढण्यास सुरुवात केली आहे. पण उमरगा, मुरूम, आलूर, नळदुर्ग ह्या भागातील द्विभाषिक कुटुंबांच्या बोलण्याचे स्वतंत्र व सविस्तर वर्णन व्हावयास हवे.

ह्या सांध्याचे सर्वांत स्पष्ट दर्शन कोरीव लेखांच्या ग्रंथांत होते. डॉ. शं. गो. तुळपुळे ह्यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. मराठीच्या अभ्यासाचा तो एक आधारस्तंभ आहे, ह्यात शंका नाही. तुळजापूर तालुक्यातील सावरगावचा शके १०८६ चा लेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो, आणि त्यामुळे धाराशिवचे नाव मराठीच्या उगमकाळाशी जोडले गेले. परंतु ह्या ग्रंथाची मर्यादा भाषेची आहे. त्यात मराठी लेख तेवढे घेतले आहेत. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५८ मध्ये, डॉ. पां. भी. देसाई ह्यांनी संपादिलेला हैदराबाद राज्यातील कन्नड जिल्ह्यांच्या लेखांचा संग्रह हैदराबादच्या पुरातत्त्वमालेत निघाला. त्याची मर्यादा प्रदेशाची आहे. त्यात कन्नड जिल्हे तेवढे घेतले आहेत. मग मराठी जिल्ह्यात सापडणारा कन्नड लेख कोणत्या ग्रंथात जाणार? ह्या दोन्हींपैकी एकाही ग्रंथात त्याला जागा नाही. आणि कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी उमरग्याच्या सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर असता धाराशिवमध्ये कन्नड लेख असणे ही अपवादात्मक नव्हे, तर स्वाभाविक गोष्ट होय. असे लेख इतरत्र, निरनिराळ्या अहवालांत व खंडांत, विखुरलेले आहेत. मराठीच्या विद्यार्थ्याच्या हाताशी ते येत नाहीत. केवळ तुळपुळ्यांचा ग्रंथ वाचणाऱ्यास बाराव्या शतकातील धाराशिव एकभाषिक मराठी वाटते, आणि देसायांचा ग्रंथ वाचणाऱ्यास ते अस्तित्वातच नसते.

दोन्ही संपादक थोर होते आणि आपापल्या मर्यादा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितल्या होत्या. दोष वाचकांचा आहे. त्यांनी मालेची मर्यादा ही प्रदेशाची मर्यादा मानली. १९५६ च्या भाषावार राज्यरचनेने ही सवय दृढ केली असावी. हैदराबाद संस्थान विभागले गेले, आणि त्याच्याबरोबर त्याचा अभ्यासही मराठी, कन्नड व तेलुगू अशा तीन वाटांनी गेला. अणदूर व आलूर ही नावे ज्या जिल्ह्यात नित्य उच्चारली जातात, ज्या जिल्ह्यातील खंडोबाची मूर्ती वर्षातील काही काळ अणदूरला व काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपुरात राहते आणि मैलार हे नाव कर्नाटकातून आले आहे हे ज्याला त्याला ठाऊक असते, त्या जिल्ह्याचा भाषिक इतिहास एका भाषेत लिहिता येत नाही. आदिलशाहीपासून निजामशाहीपर्यंतची फारसी व उर्दू दप्तरे आणि देवस्थानांचे मोडी कागद ही तर निराळीच कथा आहे.

जिल्ह्याचे स्वतःचे गॅझेटियर निघाले ते १९७२ मध्ये. महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियर विभागाची घडी ज्यांनी बसविली त्यांत सेतुमाधवराव पगडी प्रमुख होते. त्यांचा जन्म निलंग्याचा, म्हणजे गॅझेटियर निघाले तेव्हाच्या ह्याच जिल्ह्यातला. हैदराबादच्या मुलकी सेवेत असता गोंडी व कोलामी ह्या भाषांचा त्यांनी अभ्यास केला होता. अशा माणसाची दृष्टी गॅझेटियरच्या ठराविक प्रकरणांच्या साच्यात फारशी उतरू शकत नाही, हे साच्याचे वैगुण्य होय. ग्रंथ उपयुक्त आहे. पण तो वापरताना एक सावधगिरी आवश्यक आहे, व ती फार थोडे विद्यार्थी बाळगतात : त्यातील जिल्हा आजचा जिल्हा नव्हे. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके त्यात समाविष्ट आहेत, आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. पीक, पाऊस, लोकसंख्या ह्यांचे त्यातील आकडे आजच्या धाराशिवचे म्हणून उद्धृत करणे ही चूक आहे. खरोशाची लेणी ह्या जिल्ह्यात दाखविणे हीही चूकच. नावांचाही घोळ आहे. १८५३ ते १८६० पर्यंत हा मुलूख इंग्रजांकडे होता तेव्हा आणि त्यानंतरही काही काळ जिल्ह्याला नळदुर्ग म्हणत. पुढे सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद झाले. २०२३ मध्ये धाराशिव हे नाव जिल्ह्याला अधिकृतपणे मिळाले. इंग्रजी नकाशांत तेर ‘थैर’ होऊन बसले होते. ग्रंथालयाच्या सूचीत एकाच नावाखाली शोध घेणाऱ्यास अर्ध्याहून अधिक साहित्य दिसत नाही. नळदुर्गला १८५३ पासून काही वर्षे अधिकारी असलेल्या मेडोज टेलर ह्यांचे आत्मचरित्र तर जिल्ह्याच्या नावाखाली क्वचितच नोंदलेले आढळते, जरी तुळजापूर व नळदुर्ग येथील त्यांच्या मुक्कामाची वर्णने त्यात आहेत.

तुळजापूरविषयीच्या ग्रंथांत मात्र परगावचेपणाची भरपाई मोठ्या व्यासंगाने झालेली दिसते. ग. ह. खरे ह्यांनी ‘महाराष्ट्राची चार दैवते’ ह्या ग्रंथात तुळजापूरच्या भवानीचा विचार साधनांच्या काटेकोर कसोटीवर केला. रा. चिं. ढेरे ह्यांचा ‘श्रीतुळजाभवानी’ हा ग्रंथ पद्मगंधा प्रकाशनाने काढला. ढेरे ह्यांची पद्धत प्रसिद्ध आहे : पुराण, कोरीव लेख, लोकगीत, विधी, दक्षिणी भाषांतील साहित्य ह्या सर्वांना एकाच प्रश्नाभोवती गोळा करावयाचे आणि दैवताच्या मागे उभ्या असलेल्या लोकसमूहापर्यंत जावयाचे. मालेच्या भिंती त्यांनी मानल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या लेखनात धाराशिव प्रथमच दक्षिणेच्या धर्मजीवनाचा एक भाग म्हणून दिसते. ह्या पद्धतीचे ऋण मान्य करूनही भाषाभ्यासकाला तिच्याविषयी एक शंका घ्यावीशी वाटते. दैवतांच्या अभ्यासात नावांच्या साम्यावर पुष्कळ भार पडतो, आणि साम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

तुळजा हे नावच घ्यावे. माहात्म्याच्या परंपरेत अनुभूतीच्या हाकेसरशी देवी त्वरेने धावून आली म्हणून ती त्वरिता, त्वरितेची तुरजा आणि तुरजेची तुळजा असा क्रम सांगतात. ह्यातील शेवटची पायरी अशक्य नाही. ‘हरिद्रा’ची ‘हळद’ होताना ‘र’चा ‘ळ’ झाल्याचे उदाहरण आहे. पण पहिली पायरी टिकत नाही. ‘त्वरिता’तील दोन स्वरांमधील ‘त’ प्राकृतात लोपावयास हवा. त्याचा ‘ज’ होण्यास कोणताही नियम नाही. तेव्हा त्वरिता हे नाव तुळजेला संस्कृत वंश देण्यासाठी मागाहून जोडलेले दिसते. ह्याउलट एक पुरावा दूर तंजावरला आहे. तेथील भोसले घराण्यात १७२८ ते १७३६ पर्यंत राज्य करणारा राजा तुळजाजी व तुकोजी ह्या दोन्ही नावांनी इतिहासात ओळखला जातो. महाराष्ट्रात हीच देवी तुकाई म्हणून प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकातील मराठी भाषकाला तुळजा आणि तुका ही एकाच नावाची दोन रूपे वाटत होती, असे त्यावरून म्हणता येते. ‘तुक’ हे ‘तुळजा’चे लाडके संक्षिप्त रूप, की ‘तुळजा’ हेच मूळच्या ‘तुका’ला चढविलेले सोवळे? निर्णय करण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही. परंतु प्रश्न ‘त्वरिता’कडून ‘तुका’कडे वळविणे एवढी तरी प्रगती आहे.

परगावच्या ग्रंथांची ही चर्चा ऐकून कोणी म्हणेल की उपाय सोपा आहे : प्रदेशाच्या विद्यापीठाने प्रदेशाचे ग्रंथ काढावेत. अमेरिकेत हे घडलेले आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाने १९२९ मध्ये आपली प्रकाशनसंस्था स्थापन केली आणि १९३२ पासून अमेरिकन आदिवासींच्या संस्कृतीवर एक माला चालविली. आज त्या प्रदेशाचा अभ्यास तिच्यावाचून करता येत नाही. पूर्वेकडील जुनी विद्यापीठे ज्या मुलखाला इतिहास आहे असे मानावयास तयार नव्हती, त्या मुलखाला तेथील विद्यापीठानेच इतिहास मिळवून दिला. पण त्याच संस्थेच्या चरित्रात एक अडचणीचे पान आहे. अँजी डेबो ह्या विदुषीने ओक्लाहोमातील पाच आदिवासी राष्ट्रांच्या जमिनी वाटप, पालकत्व आणि कायदेशीर कागदपत्रे ह्यांच्या आडून कशा हिरावल्या गेल्या ह्याचा कागदोपत्री शोध घेतला. त्यात हयात असलेल्या वजनदार माणसांची नावे होती. घरच्या विद्यापीठाला तो ग्रंथ छापणे जड गेले आणि करार मागे घेतला गेला. संस्थेचे पहिले संचालक जोसेफ ब्रँट प्रिन्स्टनला गेले, आणि १९४० मध्ये तो ग्रंथ तेथून, म्हणजे परगावाहून, प्रसिद्ध झाला. ओक्लाहोमाच्या संस्थेने तो पुनर्मुद्रित केला तो १९८४ मध्ये.

ह्या उदाहरणाचा अर्थ एकेरी लावणे चुकीचे ठरेल. जवळच्या प्रकाशकाला भाषा कळते, वाटा ठाऊक असतात, शिवारांची नावे माहीत असतात. आणि त्याच जवळिकीमुळे त्याला कोणाकोणाची भीडही असते. दूरच्या प्रकाशकाला भीड नसते, पण शिवारही ठाऊक नसते. धाराशिवमध्ये हा पेच काल्पनिक नाही. देवस्थानाचे मानपान, पाळीचे हक्क, इनामांच्या सनदा, निजामी काळातील जमिनींचे व्यवहार ह्या विषयांवरील कागद हे आजच्या माणसांच्या हितसंबंधांना स्पर्श करतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहासही ह्याला अपवाद नाही. अनंत भालेराव ह्यांच्या ग्रंथाने त्या लढ्याचे मराठवाड्यातील चित्र उभे केले आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांचे स्थान दाखविले. परंतु गावोगावच्या स्मृती, त्यांत १९४८ च्या आधीच्या व नंतरच्या दोन्ही जखमा आल्या, अजून बहुतांशी तोंडीच आहेत. त्या लिहून घेण्यास जवळचा माणूस हवा, आणि छापण्यास कदाचित दूरचा.

तूर्त विद्यापीठीय प्रकाशनाला भीडेवाचून करता येण्याजोगी तीन कामे समोर आहेत. पहिले, जिल्ह्यातील सर्व भाषांतील कोरीव लेख, मराठी, कन्नड, संस्कृत, फारसी असा भेद न करता, गावांच्या अनुक्रमाने एका खंडात आणणे. दुसरे, ‘करकंडचरिउ’तील तेरापुराचा भाग व्याकरणाच्या टीपांसह मराठीत देणे, म्हणजे मराठीच्या वर्गात तो शिकविता येईल. तिसरे काम अधिक निकडीचे आहे. तेर, अणदूर, आलूर, परांडा येथील शेतांची, ओढ्यांची, टेकाडांची नावे वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतली पाहिजेत. सात-बाराच्या उताऱ्यात गट क्रमांक आला तेव्हापासून ही नावे कागदावरून उतरू लागली आहेत, आणि ज्या टेकाडाला तेरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एक नाव होते त्याला नव्या पिढीत नुसते ‘तो गट’ म्हणतात.